कोऱ्या दिवसांची वही

४ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

हे पत्र लिहायला मला तुझ्या लेकीनं भाग पाडलं. विमा कंपनीनं तुझा अपंगत्वाचा दावा फेटाळून एकवीस दिवस झाले आणि तो कागद तू शिवणाच्या डब्यात दडपून ठेवलास, असं तिनं कळवलं. फेरविचाराच्या अर्जाला तीस दिवस मिळतात. राहिले नऊ. अर्ज गेला नाही, तर एक तारखेपासून तुला पुन्हा कारखान्यात कापड कापायच्या टेबलाशी उभं राहावं लागेल. त्या हातानं?

त्याच कंपनीच्या दावा विभागात मी एकवीस वर्षं काढली, हे तुला ठाऊक असून मला विचारलं नाहीस. असो. काय कारण दिलंय ते जसंच्या तसं लिहून पाठव. ‘ठीक आहे’ लिहू नकोस. जिन्यावरून पडून पाय मोडला होता तेव्हाही तू ठीकच होतीस. आणि अक्षर जरा नीट काढ. वर्षभर तुझी पत्रं भिंग घेऊन वाचते आहे.

माया आहेच, पण उत्तर लगेच हवं.
ताई

६ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

अक्षर लेकीचं आहे, त्यामुळे भिंग लागणार नाही. मी सांगते, ती लिहिते.

कंपनीनं वेदनेची वही ठेवायला सांगितली होती. आज किती दुखलं, शून्य ते दहा. जून ते जानेवारी मी ती मनापासून लिहिली. त्यांनी माझीच वही माझ्यापुढं टाकली. एकसष्ट नोंदी, एकही चारच्या वर नाही, सबब बाई काम करू शकते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एक्स-रेत तर काही दिसतच नाही.

ताई, एकही आकडा खोटा नाही. ज्या दिवशी पेन धरता आलं त्या दिवशी लिहिलं. बाकीच्या दिवशी कशानं लिहिणार होते? लेकीला सांगून लिहून घेतलं असतं, तर तिला नऊ नि दहा लिहावे लागले असते. आता हे लिहिताना ती नाक ओढते आहे. मी तिला रागावले.

वहीची प्रत सोबत आहे. यजमान म्हणतात, सोडून दे. मला रात्रंदिवस ते टेबल दिसतं.

रागव, पण जवळ धर.
तुझी धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

अशा वह्या मी शेकड्यांनी तपासल्या. आकडे वाचायचे, कोरी पानं उलटायची. कोरं पान म्हणजे बरा दिवस, असं आम्ही धरून चालायचो. कुणी शिकवलं नव्हतं, सोयीचं होतं. काल तुझी वही उघडली आणि चष्मा काढून ठेवावा लागला. यावर आता जास्त लिहीत नाही, वेळ नाही.

कोरे दिवस एकशे चौऱ्याऐंशी. त्या आठ महिन्यांतली तुझी एकोणीस पत्रं माझ्याकडे आहेत. काही तुझ्या हातची, काही लेकीच्या, काहींत मध्येच हात बदललेला. सगळी वहीशी ताडून पाहिली. जिथं हात बदलला, तिथं वही कोरी. एकदाही चुकलं नाही.

पण एवढ्यानं भागणार नाही. घरच्यांनी आता बसून लिहिली, असं म्हणतील. मीही म्हटलं असतं. तुझ्या बाजूनं नसलेल्या माणसाचा, त्या वेळचाच एखादा कागद हवा. मुकादमाची तक्रार, दटावणी, काहीही. शोध. चारच दिवस आहेत आणि माझी झोप उडाली आहे.

जेवत जा. मनात ममता आहे, ती लिहिता येत नाही एवढंच.
ताई

११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मुकादमाकडे काही नाही. तो तोंडानंच ओरडायचा. तसा कागद माझ्याकडे एकच आहे आणि मला तो द्यायचा नव्हता.

तुझं १७ सप्टेंबरचं पत्र. माझं बारा तारखेचं पत्र अर्ध्यावर तुटलं होतं, त्याला उत्तर. कोंबडीनं उकिरडा उकरावा तसं अक्षर आहे, हात नव्हे आळस दुखतो, दुखण्याचं कौतुक पुरे, असं तू लिहिलं होतंस. पाकिटावर टपालाचा शिक्का आहे. ते मी अढी धरून ठेवलं नाही. त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाचं पत्रच नव्हतं.

तुझ्याच जुन्या खात्यात ते चारचौघांत वाचलं जाईल, ताई. नको वाटलं तर फाडून टाक. लेक स्वतः घेऊन येते आहे.

आहे तशी मला तुझ्या मनात असू दे.
धाकटी

१३ मार्च

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

मी ते लिहिलं होतं हे मला आठवतही नव्हतं. दावा विभागाच्या खिडकीवरच्या बाईंनी पत्र वाचून विचारलं, या थोरल्या बहीणबाई कोण? मी म्हटलं, मीच. त्यांनी मान खाली घालून शिक्का मारला. निकालाला सहा आठवडे. काय होईल ते मला सांगता येत नाही, आणि हे एकवीस वर्षांत प्रथमच.

आज दुपारी पोच घेऊन दिलेले कागद:

१. लेकीनं आणलेला फेरविचाराचा अर्ज, सही तुझी.
२. वहीची प्रत आणि एकशे चौऱ्याऐंशी कोऱ्या दिवसांची तारीखवार यादी.
३. तुझी पत्रं, एकोणीस. १२ सप्टेंबरचं सर्वांत वर.
४. थोरल्या बहिणीचं १७ सप्टेंबरचं पत्र, पाकिटासह, मूळ प्रत. त्यावर शेरा: तारीख खरी, मजकूर खोटा. खाली माझी सही.