दार उघडतं, अशी तक्रार

उराख, रविवार सकाळ

आदरणीय एकेहार्ट भावोजी,

स. न. वि. वि. आपला पित्तखडा आणि गेर्लिंडेताईचा गुडघा आपापल्या जागी शांत असतील, अशी आशा आहे. (विचारपूस आधीच उरकून घेतो, पुढे मला इतका आवेश येणार आहे की राहूनच जाईल.)

भावोजी, तुमच्या मोटार कंपनीने माझं वाटोळं केलं! माझ्या निळ्या गाडीचं उजवं दार आतून उघडत नसे, हे आपणास माहीत आहेच. (गेल्या नाताळात भाजलेल्या हंसाची तंगडी हातात धरून आपणच म्हणालात की तो दोष नव्हे, गाडीचा स्वभाव आहे.) मी कधी कुरकुर केली नाही, कारण त्या दारानेच मला माणसांत आणलं. शेजारच्या हाउगबाईंना मी दर रविवारी केक खायला नेतो. गाडी थांबली की उतरतो, वळसा घालून जातो, दार उघडून उभा राहतो. बाईंना वाटलं, हा निवृत्त पाववाला म्हणजे केवढा खानदानी! जिना झाडायची पाळी माझी असताना मागे त्यांनीच झाडला. आमच्या इमारतीत याहून मोठी मायेची खूण नाही. आता फक्त त्यांनी मला 'अहो'वरून 'अरे'वर आणायचं बाकी होतं. (मी आपण होऊन कसं आणणार? त्या वयाने मोठ्या, तो मान त्यांचा.)

आणि ऐन वेळी मी हिवाळी टायर बसवायला गाडी तुमच्या वर्कशॉपात दिली! टायर बसले, गाडी धुऊन मिळाली, वर कॉफी फुकट. तिथेच पाल चुकचुकायला हवी होती, आपल्या मुलखात फुकट काय मिळतं? घरी येऊन पाहतो तर उजवं दार आतून अलगद उघडतंय! तसाच धावत परत गेलो. मेकॅनिक म्हणतो, "काहीच बदललं नाही हो, भास झाला असेल." म्हटलं, "अरे, नवं लॉक चकाकतंय!" तर इकडेतिकडे बघून कुजबुजला, "हळू बोला काका. वरून हुकूम आहे, गाडी आली की गुपचूप बदलायचं, गिऱ्हाइकाला सांगायचं नाही." भावोजी, दोष होता तर राजरोस गाड्या परत बोलवायच्या, सगळ्यांना कळवायचं! मी गेलोच नसतो!

आज दुपारी बाईंना न्यायचंय. कंबरदुखीमुळे मला वळसा घालायला वेळ लागतो, तेवढ्यात त्यांचा हात सहज हँडलवर गेला की संपलं. मग मी नुसता पाववाला.

ताईला माया.

आपला
हार्टविग

ता. क. खरं तर पत्र एवढ्याचसाठी: ती जुनी बिघडलेली लॉकं तुमच्या गोदामात ढिगाने पडली असतील. त्यातलं एक पाठवा. बोभाटा करणार नाही.

आणखी एक ता. क. पाठवू नका! आत्ताच परतलो. केकच्या दुकानापुढे गाडी थांबवली आणि भीतीने जागचा हललोच नाही. बाईही हलेनात. शेवटी मीच कबूल केलं, "बाई, दार आता आतून उघडतं." तर म्हणाल्या, "मला आधीही उघडता येत होतं. आमचीही अशीच गाडी होती, आणि आमचे 'हे' कधी दार उघडायला उतरले नाहीत. काच खाली करायची, बाहेर हात घालायचा, बाहेरच्या हँडलने उघडायचं. जन्मभर तेच केलं मी." बाई पर्स मांडीवर ठेवून समोर बघत बसल्या. मग म्हणाल्या, "आता उतरतोस, की अशीच बसू?"

'उतरतोस' म्हणाल्या, भावोजी!