बाटलीपलीकडची चिमणी

अण्णा, आज मी सुनेवर ओरडले. पेरू उकडून पंच्यात बांधले होते, पंचा खिडकीच्या गजाला टांगला होता आणि खालच्या पातेल्यात थेंब थेंब रस गळत होता. ती म्हणाली, "आई, पिळून टाकू का? असं तर संध्याकाळ होईल." मी "हात लावू नकोस!" म्हणाले ते इतक्या मोठ्याने की बिचारी दचकली. "अहो आई, पेरूच आहेत ना ते," म्हणत हसून बाजूला झाली. मला मात्र हसू येईना. म्हणून हे लिहायला बसले.

तुमचा सगळा जन्म वीजकेंद्रात बॉयलरवर गेला. निवृत्तीनंतर एकलहऱ्यातच दोन खोल्या बांधल्यात आणि आई गेल्यावर चूल-भांड्यांचा ताबा घेतलात. पेरूची जेली आईची. तिची नुसती गोड असायची, तुम्ही तिच्यात लवंगी मिरच्या चिरून टाकायला लागलात. "अण्णा, ही जेली आहे की ठेचा?" मी चिडवायचे. "आधी चाट, मग बोल." रसात साखर पडून उकळी आली की तुम्ही पातेल्यापुढे उभे, ड्यूटीवर असल्यासारखे. घड्याळ बघायचं नाही, बुडबुडे बघायचे. गार ताटलीवर थेंब टाकून बोटाने ढकलायचा, त्याला सुरकुती पडली की गॅस बंद. मग भरलेली बाटली खिडकीत धरायची. तिच्यातून पलीकडची वीजकेंद्राची चिमणी स्वच्छ दिसली की तुम्ही म्हणायचात, "पास!"

माझ्या लेकीच्या साखरपुड्याला पाहुण्यांच्या हातात द्यायला तुम्ही बारा बाटल्यांचा घाट घातलात. मी वणीहून मदतीला आले होते. तुम्ही पंचा टांगलात आणि लिंबं आणायला निघालात. दारातून म्हणालात, "त्याला हात नाय लावायचा. लय घाई असते तुला." मला चारची वणीची गाडी गाठायची होती. तुमची पाठ वळली आणि मी पंचा दोन्ही हातांनी करकचून पिळला. तुम्ही आलात, भरलेलं पातेलं बघून खूश झालात. "आज पेरू रसाळ निघाले गं!" मी साखर मोजायला घेतली. जेली झाली, बाटल्या भरल्या, पहिली तुम्ही खिडकीत धरलीत. सगळं गढूळ, चिमणी दिसेना. दुसरी धरलीत, तिसरी धरलीत. "काय चुकलं गं माझं?" मी पिशवी खांद्याला लावून दारात उभी. म्हणाले, "वय झालं, अण्णा. होतं असं."

त्यानंतर तुम्ही पेरू आणले नाहीत. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण तुम्ही भाजीत मीठ घातलं की नाही ते शेजारणीला चाखायला लावायचात, गॅस बंद केलाय ना म्हणून जेवता जेवता चार वेळा उठायचात. जाळाचा रंग बघून बॉयलरची तब्येत सांगणारा माणूस! फोनवर म्हणालात, "माझा अंदाज गेला, पोरी." तेव्हाही सांगता आलं असतं, एका वाक्याचं काम होतं. पुढच्या खेपेला समोर बसून सांगू, असं म्हणत मी दोन वर्षं काढली. मग ऐकायला तुम्हीच राहिला नाहीत.

आजची बाटली मी खिडकीत धरली. इथून चिमणी दिसत नाही, समोरच्या गच्चीवरची पाण्याची टाकी दिसते. ती लख्ख दिसली. सुनेने विचारलं, "कुणी शिकवलं हे तुम्हाला?" मी म्हटलं, "वडिलांनी." पुढचं तिलाही सांगितलं नाही. हा कागद कुठे टाकणार? पंचा धुऊन वाळला की त्याच्याच घडीत ठेवीन.

आणि एक राहिलंच. त्या बारा बाटल्या तुम्ही "फेकून दे" म्हणत माझ्याच पिशवीत भरल्या होत्यात, बोटभरही न चाखता. मी एकही फेकली नाही. वर्षभर भाकरीशी खाल्ली ती जेली. चव तीच होती, अण्णा, आधी गोड आणि मग जिभेला झटका. तुम्ही फोनवर विचारलंत तेव्हा मात्र मी म्हणाले, टाकून दिल्या.