तात्यांच्या गाडीतलं डावीकडचं हँडल

प्रिय अवंतिका,

तुला सलाम आणि घरच्या थोरामोठ्यांना नमस्कार. तुझी पाठ कशी आहे? माझे गुडघे वाजतात, पण आमचे निसार म्हणतात की माझ्या तोंडापेक्षा कमीच. (भोपाळला गेल्यापासून तू फोनवर ‘मी येते’ म्हणायला लागलीस. इथं आम्ही बायका अजून ‘येतो’च म्हणतो, आणि मी लिहिणारही तसंच.)

तर, तुझ्या वडिलांची, आपल्या तात्यांची, ती लाल विलायती गाडी आमच्या दारात उभी आहे. तीच, उघड्या टपाची, दोन सीटची, तुझ्या लग्नानंतर त्यांनी विकलेली. (आता कुणाला घेऊन फिरू, म्हणाले होते.) आता ती कागल एमआयडीसीतल्या सम्राटसाहेबांची आहे. त्यांना ती जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात न्यायची आहे आणि तिथं म्हणे आतलं सगळं कंपनीतून आलं तसंच लागतं. म्हणून सीटकामाला निसारच्या दुकानात आली. निसारनी वरची मखमल काढली, खाली वाघाच्या पट्ट्यांचं रेक्झिन निघालं (मधल्या कुठल्यातरी मालकाची हौस), आणि त्याच्या खाली आपलं तपकिरी कातडं. उन्हात त्याच्यावर मांड्या भाजायच्या ते आठवून मी एकटीच हसत बसलो.

मग पुण्याहून एक जाणकार आले. कातडं अस्सल, गालिचा नंतरचा, लाकडी स्टिअरिंग कंपनी हौशी गिऱ्हाइकाला देत असे तेच, असं सांगत सांगत ते डावीकडच्या हँडलशी येऊन अडले. आपण दोघी त्या एका सीटवर कोंबून बसायचो, पन्हाळ्याच्या वळणावर तू निम्मी बाहेर गेलतीस, आणि तात्यांनी घरी येऊन तुझ्या आईच्या कपाटाचं हँडल काढून आपल्याला धरायला तिथं ठोकलं. (माई पुढं कितीतरी दिवस कपाट चमच्यानं उघडत होत्या.) हे सगळं माहीत असून मी ठणकावून सांगितलं, “हे कंपनीचंच हाय. मी ल्हानपणापासनं बघतोय की.”

त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, “बाई, ह्याच्यावर ‘कोल्हापूर’ लिहिलंय.”

निसार भिंतीकडं तोंड करून हसले. हँडल निघालं. सम्राटसाहेब भला माणूस, त्यांनी ते माझ्या हातावर ठेवलं. निसार स्क्रूची भोकं बुजवायला बसले, तेव्हा मी चहा ठेवतो म्हणून आत गेलो. चहा काही ठेवला नाही.

तात्या गेल्यापासून तू इकडं फिरकली नाहीस. आता कोल्हापुरात कुणाकडं येऊ, असं म्हणालीस मागं. (मी काय मेलोय व्हय?)

बाकी इकडं सगळं ठीक.

तुझीच,
खतिजा

ता. क. हँडल पोस्टानं पाठवणार नाही.

ता. क. दुसरा : डावी सीट अजून उसवलेलीच आहे. ती शिवून झाली की गाडी कागलला जाणार, म्हणून तपकिरी दोरा संपला असं मी सांगितलंय. निसार आणि सम्राटसाहेब दोघंही गावभर दोरा शोधतायत. दोरा आमच्या तांदळाच्या डब्यात आहे. तांदूळ संपत आलाय.