‘तुमच्या’ समुद्राचा पाऊस

वेरिबी, १८ ऑक्टोबर

ती. आईला सुखदाचा नमस्कार,

फोनवर तू ‘सोडून दे गं’ म्हणतेस, म्हणून आज लिहूनच भांडते.

आम्ही सगळे मजेत आहोत. ऑक्टोबर म्हणजे कडक ऊन, हे डोक्यात इतकं बसलंय की शनिवारी अंगणात कुरडया घातल्या. इथे ऑक्टोबर म्हणजे वसंत. दुपारी गारा पडल्या आणि कुरडयांचा पुन्हा चीक झाला!

कुंपणापलीकडून शेजारी कॉलिन हसत म्हणाला, “सॉरी मेट, हा पाऊस तुमच्या इंडियन ओशनने पाठवलाय. हल्ली सगळं तिकडूनच येतं.”

आमच्या? अगं, समुद्र तापलाय तो यांच्याच किनाऱ्याजवळ! तिथली वाफ इकडे येते, म्हणून यांचा वसंत भिजतोय. आफ्रिकेच्या बाजूला याच समुद्राचं पाणी गार पडलंय, तर तिथल्या शेतांत थेंब नाही. त्यांनी कुणाच्या नावाने ओरडायचं?

हे सगळं मी त्याला ऐकवलं. तो “जस्ट जोकिंग, नो वरीज” म्हणत आत गेला. तुझा जावई यतिनही म्हणतो, गंमत होती. अशा गमती हल्ली वाढल्यात, एवढंच. तू काळजी करू नकोस.

बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना कुरडयांचं सांगू नकोस, हसतील.

पण आई, हा समुद्र पहिल्यापासून यांच्या किनाऱ्याला लागून आहे, तरी यांच्या लेखी तो इंडियनच. आम्हाला तर येऊन बाराच वर्षं झालीत.

तुझी, अजून धुमसणारी,
सुखदा