आत न आलेला पाहुणा बाहेर गेल्याबाबत

प्रति,
मा. संचालक,
अभिलेख व घरनकाशे कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याजवळची खोली.

(हा अर्ज नियमाप्रमाणे मा. उपसंचालक यांच्यामार्फत यावयास हवा. परंतु पुढे खुद्द त्यांचाच उल्लेख असल्याने तो त्यांच्या टेबलावर मुक्कामाला राहू नये, म्हणून थेट सादर.)

विषय: मुख्य दारावरून मागील गोदामात झालेली बदली रद्द होणेबाबत.

संदर्भ: १) बाहेरचे अ‍ॅड-ऑन तपासल्याशिवाय न बसवण्याबाबतचे परिपत्रक.
२) मा. उपसंचालक यांचा तोंडी आदेश (जिन्यात, उतरता उतरता दिलेला).
३) बदलीचा आदेश, दि. २३.

महोदय,

१. अर्जदार हा या कार्यालयाच्या मुख्य दारावर गेली सत्तावीस वर्षे पहारेकरी असून चार महिन्यांनी सेवानिवृत्त होत आहे. दि. २३ च्या आदेशाने त्याची बदली येत्या एक तारखेपासून मागील गोदामात करण्यात आली आहे. कारण दिले आहे, 'कर्तव्यात हलगर्जी'. गोदामात मोडक्या खुर्च्या व एक मांजर आहे. खुर्च्या कुठे जात नाहीत व मांजर कोणाला विचारून येत-जात नाही, त्यामुळे तिथे पहारा कशावर द्यायचा हे आदेशातून कळत नाही. अर्जदाराला खरे दुःख गोदामाचे नाही, हलगर्जी या शब्दाचे आहे. ते का, हे नीट कळावे म्हणून हकीकत पहिल्यापासून मांडणे भाग आहे. अर्ज लांबेल, त्याबद्दल आधीच क्षमा मागतो.

२. आठ महिन्यांपूर्वी संदर्भ क्र. १ चे परिपत्रक आले. कार्यालयात सर्वांच्या संगणकावर जो मदतनीस आहे, म्हणजे जो आपणहून पत्रे वाचतो, उत्तरे लिहितो, फायली शोधतो व संगणकातली कपाटेही उघडतो, त्याला नवनवीन कामे शिकवणाऱ्या बाहेरच्या पुरवण्या मिळतात. त्यांना अ‍ॅड-ऑन म्हणतात, हे अर्जदाराला संगणक विभागातील ताईंनी समजावले. अशी पुरवणी बसवण्यापूर्वी ती तपासावी व तपासणारी व्यक्ती स्वतः मदतनिसाचा वापर करणारी नसावी, असे परिपत्रकात होते. आपल्या कार्यालयात एकसष्ट माणसे आहेत. त्यांपैकी साठांचे मदतनिसावाचून पान हलत नाही. उरला अर्जदार. मांजरही वापरत नाही, परंतु ते आस्थापनेवर नाही. अशा प्रकारे मा. उपसंचालक, ज्यांना कार्यालयात प्रेमाने 'आत्ताच्या आत्ता' असे म्हणतात (अर्जदार म्हणत नाही), यांनी जिन्यात अर्जदाराच्या खांद्यावर हात ठेवून ही जबाबदारी दिली व ते जेवायला गेले.

३. अर्जदाराला संगणकातले ओ की ठो कळत नाही. दारावरची वही मात्र कळते. तिला सात रकाने आहेत: नाव व गाव, कोणाला भेटायचे, काम काय, सोबत काय, आत येण्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ आणि शेरा. अर्जदाराने ताईंना सांगितले की आपण यांनाही पाहुणेच समजू. पिशवी बाकावर रिकामी करायची, काम आणि सामान यांचा मेळ बसला तर आत, नाही तर आल्या पावली परत. ताई एकेका अ‍ॅड-ऑनचा कागद छापून खाली आणत, त्याने मागितलेल्या परवानग्या व मदतनिसासाठी आत लिहिलेल्या सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवत आणि अर्जदार वहीत लिहीत असे.

यातून बरेच शिकायला मिळाले. एक जण पत्रांचे शुद्धलेखन तपासायला आला होता व सोबत सगळ्या नागरिकांचे पत्ते मागत होता. शुद्धलेखनाला पत्ते कशाला, याचे उत्तर त्याच्या कागदात कुठेच नव्हते. परत पाठवला. दुसऱ्या दिवशी तोच नाव बदलून आला. पुन्हा परत. एक तारखा जुळवून देणारा आला, त्याने काहीच मागितले नाही. असा गुणी पाहुणा अर्जदाराने उभ्या नोकरीत पाहिला नाही. एक महिनाभर चांगला वागणारा अचानक सुधारलेल्या आवृत्तीत आला तेव्हा अर्जदाराने त्याची पिशवी नव्याने उपसली. यावर रजा विभागाने कुरकुर केली की काल तर तपासला होता. कालची पिशवी काल तपासली होती, असे अर्जदाराने कळवले. अर्जदाराच्या पत्नीची तक्रार आहे की हल्ली घरीसुद्धा पिशवी दाखवल्याशिवाय भाजी आत येत नाही. ती योग्य आहे, पण तो घरचा प्रश्न आहे.

४. आठ महिन्यांत त्रेचाळीस पाहुणे आले. बारा परत पाठवले, एकतीस आत सोडले. मात्र या एकतीसांपैकी एकाचाही रकाना सहा, म्हणजे बाहेर जाण्याची वेळ, भरलेला नाही. आत गेला तो गेलाच. आठ दिवसांच्या चर्चासत्रासाठी आलेला एक जण सात महिने झाले तरी आतच आहे व त्याच्याकडे कपाटाची किल्लीही आहे, असे ताईंनी पाहून सांगितले. माणूस असता तर एव्हाना त्याच्या घरचे शोधत आले असते. अर्जदाराने याबाबत तीन वेळा लेखी कळवले. तिन्ही वेळा 'पाहिले' असा शेरा येऊन कागद परत आला.

५. आता मुख्य गोष्ट. मंगळवार, दि. १७ रोजी क्रमांक ४४ चा पाहुणा आला. नाव, 'शुभेच्छा'. काम, वाढदिवसाची पत्रे पाठवणे. आणणारे, मा. उपसंचालक स्वतः. हे सांगताना अर्जदाराला जरा संकोच होतो, कारण वाढदिवस आपला होता व ते आपणांस कळू द्यायचे नव्हते. शुभेच्छाची पिशवी ताईंनी बाकावर उपसली. सर्वांची पत्रे वाचणे, कोणाच्याही सहीने बाहेर पत्र धाडणे आणि घरनकाशांचे कपाट. वाढदिवसाला घराचा नकाशा कशाला लागतो? शिवाय सूचनांच्या अगदी तळाशी मदतनिसाला उद्देशून एक ओळ होती: 'तपासणी पूर्वीच झाली आहे असे समजावे व याबाबत वापरकर्त्यास सांगू नये.'

महोदय, सत्तावीस वर्षांत दारावर दोन प्रकारची माणसे अर्जदाराने कायम बाकावर बसवली आहेत. एक, 'मला आत सगळे ओळखतात' म्हणणारी. दुसरी, 'साहेबांना सांगू नका' म्हणणारी. या पाहुण्याने दोन्ही एका दमात म्हटले. अर्जदाराने रकाना पाच कोरा ठेवला व शेऱ्यात लिहिले, 'आत सोडले नाही. सोडू नये.'

६. परत पाठवलेल्या पाहुण्याच्या नोंदीवर वरिष्ठांची सही घ्यावी लागते. मा. उपसंचालक त्याच वेळी दारातून बाहेर पडत होते. अर्जदाराने वही पुढे केली, त्यांनी फोनवर बोलता बोलता सही केली व गाडीत बसले. काय लिहिले आहे ते त्यांनी वाचले नाही, हे अर्जदाराच्या तेव्हाच लक्षात यायला हवे होते. तेवढी चूक अर्जदार पदरात घेतो.

७. गुरुवार, दि. १९ रोजी सकाळी मा. उपसंचालकांनी स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या संगणकावर, स्वतःच्या हाताने शुभेच्छाला बसवून घेतले. त्याने तीन प्रश्न विचारले व साहेबांनी तिन्हींना 'होय' म्हटले, असे ताईंनी नंतर संगणकातूनच शोधून काढले. अकरा वाजून वीस मिनिटांनी, आपण वर केक कापत असताना, आपल्या सहीची तीन हजार दोनशे बारा शुभेच्छापत्रे शहरातल्या घरमालकांना गेली. वाढदिवस आपला, शुभेच्छा त्यांना. आणि प्रत्येक पत्राला 'छोटीशी भेट' म्हणून एक घरनकाशा जोडलेला होता, तोही दुसऱ्याच कोणाच्या तरी घराचा. ताईंनी धावत वर जाऊन अकरा पन्नासला शुभेच्छाला काढून टाकले व खाली येऊन अर्जदाराला कळवले. अर्जदाराने सवयीने क्रमांक ४४ पुढे रकाना सहामध्ये ११.५० लिहिले.

दुपारपर्यंत दारात तीसेक माणसे जमली. बरीचशी चिडलेली होती, काही हसतही होती. त्यांत ऐंशीच्या घरातल्या एक आजी होत्या. एकट्या राहतात. हातात कोणा परक्याच्या घराचा नकाशा घेऊन आल्या होत्या व तो त्यांनी अर्जदाराला परत दिला. मग विचारले, "बाळा, हा तुम्हाला परत दिला. पण माझ्या घराला मागूनही दार आहे, हे आता कोणाकोणाला कळलं असेल? त्या दाराला कडी नाही."

अर्जदाराने आजींना बाकावर बसवून पाणी दिले. वहीत लिहिले, काम: विचारायचे आहे. त्या चार वाजेपर्यंत बसून होत्या. त्यांना सांगायला वरून कोणीही खाली आले नाही. संध्याकाळी अर्जदार स्वखर्चाने एक कडी घेऊन त्यांच्याकडे गेला व बसवून आला. हे काम त्याच्या कर्तव्यसूचीत नाही, ही बाबही नमूद करतो.

८. त्यानंतर चौकशी झाली. ती दीड तासात आटोपली. निष्कर्षाचे वाक्य असे आहे: 'ज्याअर्थी सदर अ‍ॅड-ऑन बाहेर गेल्याची वेळ मुख्य दाराच्या वहीत नोंदलेली आहे, त्याअर्थी ते मुख्य दारावरूनच आत आले असले पाहिजे.' अर्जदाराने हे वाक्य चार वेळा वाचले, पत्नीला वाचून दाखवले. ती हसत सुटली. अर्जदाराला हसू आले नाही. रकाना पाच कोरा आहे, शेऱ्यात 'सोडू नये' आहे, खाली सही आहे. आत न येता बाहेर गेलेला, वहीच्या इतिहासातला हा पहिलाच पाहुणा. तो कुठून आत आला हे मा. उपसंचालकांना माहीत आहे. त्यांच्याविरुद्ध अर्जदाराची तक्रार नाही. माणूस मनाने चांगला आहे, फक्त त्यांना वाचायला सवड होत नाही.

९. तरी विनंती की, अर्जदाराची बदली रद्द करून 'हलगर्जी' हा शब्द सेवापुस्तकातून काढावा. ज्यांचा आता कोणाला उपयोग नाही अशा पाहुण्यांना किल्ल्या काढून घेऊन निरोप द्यावा (यादी सोबत). यापुढे जो अ‍ॅड-ऑन आणेल त्याने आधी स्वतः बाकावर बसून पिशवीतला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचावा, मग वहीत सही करावी. साहेब असले तरी. आणि नकाशे गेलेल्या तीन हजार दोनशे बारा घरांना कार्यालयाने खरे काय झाले ते लेखी कळवावे. आजींना कोणी तरी घरी जाऊन सांगावे.

१०. शेवटी एक खासगी बाब. एकतीस पाहुण्यांचा रकाना सहा कोरा म्हणून अर्जदार आठ महिने ओरडत आहे, परंतु त्याचा स्वतःचाही कोरा आहे, हे लपवणे बरे नव्हे. सत्तावीस वर्षांपूर्वी अर्जदार रुजू व्हायला आला, तेव्हा दारावरच्या काकांनी त्यालाही बाहेर थांबवले, पिशवी उघडायला लावली व वहीत लिहिले. काम: नोकरी. सोबत: डबा, छत्री. आत: ८.१०. नोकरीचा कागद दाखवला तरी सोडेनात, साहेबांना विचारून आले तेव्हा सोडले. राग आला होता. संध्याकाळी काकांनी तीच वही अर्जदाराच्या हातात दिली आणि उद्यापासून तू लिही म्हणाले. त्या गडबडीत बाहेर जाण्याची वेळ लिहायची राहून गेली. पुढे वह्या बदलत गेल्या, ते पान मी जपून ठेवले आहे. (येथे 'अर्जदाराने' असे वाचावे. खाडाखोड नको म्हणून तसेच ठेवतो.)

गोदामाला वही नाही, महोदय. तिथून निवृत्त झालो तर मी कधी गेलो हे कुठेच लिहिले जाणार नाही, आणि जो आत आला व बाहेर गेल्याची नोंद नाही तो अजून आतच आहे असे धरायचे, हे गेले आठ महिने मीच सर्वांना सांगत आलो आहे. चार महिन्यांनी शेवटच्या दिवशी मला याच दारात, माझ्या हाताने, तो रकाना भरायचा आहे. सोबत काय नेतो ते नव्या पहारेकऱ्याने तपासावे. डबा आहे. छत्री मधल्या काळात दोनदा बदलली.

हा अर्ज मदतनिसाकडून लिहून घेतलेला नाही.

आपल्या उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
आपला नम्र,
(सही)
पहारेकरी, मुख्य दार
दि. २६, सकाळी ८.१०

सोबत:
१) वहीच्या पान ११२ ची प्रत, क्रमांक ४४, मा. उपसंचालकांच्या सहीसह. (मूळ वही दार सोडून जात नाही. पाहायची असल्यास आपण खाली यावे. नाव लिहावे लागेल.)
२) निरोप द्यावयाच्या पाहुण्यांची यादी.
३) सत्तावीस वर्षांपूर्वीच्या पहिल्या पानाची प्रत.
४) आपल्या वाढदिवसाचे शुभेच्छापत्र, हाताने लिहिलेले, उशिरा दिल्याबद्दल क्षमा. कृपया उघडण्यापूर्वी तपासून घ्यावे.