डाव्या अर्ध्या पडद्यावरची मामी

तीर्थरूप मामांना भाचीचा वाकून नमस्कार. मी इथे ठीक आहे, म्हणजे जेवते आणि झोपते. तुमची नवी कवळी एकदाची बसली का? (आई म्हणते, बसली, पण तुम्ही ती जेवताना काढून ठेवता. मग बसवली कशाला?) मामीचा खोकला कमी झाला असेल. आवाज कमी झाला नसणार, त्यामुळे त्याची चौकशी करत नाही.

तुम्ही दर वेळी विचारता, "तू नक्की करतेस काय गं?" आज सांगून टाकते. आम्ही पडदे बनवतो, भिंतीवर लावायचे. त्यात लाखो ठिपके असतात आणि प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. ठिपक्यामागे एक इवलंसं सर्किट असतं. त्यातला एक ट्रान्झिस्टर नळासारखा वीज सोडतो. हा गडी राबून राबून थकतो. जास्त उजळवला, जास्त थकला. मग एकच चित्र बरेच दिवस पडद्यावर राहिलं की त्या जागचे ठिपके मंदावतात आणि चित्र काढून टाकलं तरी त्याचं भूत मागे राहतं. आमच्या साहेबांचं सर्किट दोन ट्रान्झिस्टरचं, स्वस्त आणि बिनडोक. माझं सात ट्रान्झिस्टरचं. ते दर वेळी आधी त्या थकलेल्याला विचारतं, बाबा रे, आज कितपत दमलायस? आणि तेवढा जोर वाढवून देतं. साहेब म्हणाले, एवढ्याशा ठिपक्यामागे सात जण बसवायला ही काय धर्मशाळा आहे? चार वर्षं हेच ऐकतेय. शेवटी वैतागून त्यांनी एक पॅनेल, म्हणजे नमुन्याचा पडदा, करू दिलं, डावं अर्धं त्यांच्या सर्किटचं, उजवं माझं. मी हरले तर आमची तिघांची तुकडी वॉशिंग मशीनवरचे आकडे उजळायच्या विभागात जाणार होती. मामा, तिथे आयुष्यभर फक्त आठ हा आकडा तपासतात, कारण त्यात बाकीच्या सगळ्या आकड्यांच्या रेघा येतात.

तर चाचणीचा नियम असा की काळ्यापांढऱ्या चौकटींचं चित्र लावून पॅनेल गरम कपाटात ठेवायचं आणि आठवडेच्या आठवडे विसरून जायचं. त्या दिवशी चौकटींची फाइल उघडेना. पॅनेल लागतंय की नाही एवढंच बघायला मी फोनमधला हाताला लागला तो फोटो टाकला. तो निघाला तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाचा, सोफ्यावरचा. डावीकडे मामी, उजवीकडे तुम्ही. (आठवतं? फोटो काढताना मामी तुम्हाला "सरका जरा" म्हणत होती.) तेवढ्यात साहेबांनी बोलावलं म्हणून मी गेले. सहकाऱ्याने चित्र लागलेलं बघून कपाट बंद केलं आणि "हात लावू नये" ही पाटी अडकवली. मीही परत येऊन पाटी वाचली, चौकटी लागल्या असं समजले आणि हात लावला नाही.

पुढे खरेदीवाल्या बाई आल्या. आम्ही बनवतो ते घ्यायचं की नाही हे त्या ठरवतात, आणि त्या हसत नाहीत. साहेबांनी पॅनेल काढून ऐटीत कोरा राखाडी पडदा लावला. आणि डाव्या अर्ध्यात मामी. अगदी स्पष्ट. फक्त उलटी, म्हणजे जिथे उजेड होता तिथे सावली. फ्लॅशने चकाकलेल्या चष्म्याचा काळा गॉगल झालेला आणि कलप लावलेले केस पांढरे. (पॅनेल खोटं बोलत नाही, पण हे तिला सांगू नका.) बाई पडद्याजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "या कोण? आणि माझ्याकडे अशा का बघतायत?" साहेब म्हणाले, सॉफ्टवेअरचा किरकोळ प्रश्न आहे. मी म्हटलं, नाही, ती माझी मामी आहे.

उजवीकडे मात्र स्वच्छ. मामा, तुमच्या मिशीचा एक केससुद्धा उरला नव्हता. आपल्या घरात कुणाला यात नवल वाटणार नाही, पण बाईंना वाटलं. त्यांनी फोनमधला तो फोटो मागून घेतला, पडद्याशेजारी धरला आणि म्हणाल्या, यांना पुसणारं सर्किट कुणाचं? मी हात वर केला. ठरलं असं की येत्या शुक्रवारी पूर्ण माझ्या सर्किटचं शेवटचं पॅनेल दाखवायचं, कोरं निघालं तर खरेदीच्या करारावर सह्या.

आता आमच्याकडे रीत आहे, दोष ज्यात पहिल्यांदा दिसला त्याचंच नाव त्याला पडतं. त्यामुळे पडद्यावर राहिलेल्या भुताला सगळे "मामी" म्हणतात. "या पॅनेलला मामी आहे का?" "थोडी आहे, पण तापवल्यावर जाते." मी सुरुवातीला चिडले, आता मीच अहवालात लिहिते. असं सगळं मजेत चाललं आहे. सगळ्यांना नमस्कार.

तुमची भाची

ता. क. खरं काम राहिलंच. साहेबांनी कृतज्ञतेच्या भरात मामीला परस्पर फोन करून शुक्रवारी पाहुणी म्हणून बोलावलंय. तिला वाटतंय, नमुन्यासाठी तिचा चेहरा निवडला. तिने शेजारीपाजारी सांगूनही टाकलंय. आणि साहेबांच्या भाषणाचं शीर्षक आहे, "मामीपासून कायमची सुटका". ते बदलायला त्यांचा नकार आहे. ती भर सभेत उठून बोलायला लागली तर सह्या राहतील बाजूला आणि मी जाईन आठ तपासायला. तेव्हा काहीही करा, पोटात कळ आली म्हणून लोळण घ्या, पण तिला घरी ठेवा.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवताना आठवलं की तुमच्या घरी टपाल आधी कोण उघडतं. मामी, मामांवर रागावू नकोस, त्यांनी अजून हे पाहिलंही नसेल. तू शुक्रवारी ये. शीर्षक वाचून साहेबांना काय बोलायचं ते बोल, पण सह्या झाल्यावर. चार वर्षं मी सगळ्यांना सांगत होते की थकलेल्याला आधी विचारायला हवं, आणि एकालाही पटलं नाही. तू नुसती बसून राहिलीस आणि पटलं. मला तू तिथे हवी आहेस. पहिल्या रांगेत तुझी खुर्ची धरून ठेवते. मामांना यातलं तुला योग्य वाटेल तेवढंच वाचून दाखव.