खोक्यावर तुझं नाव

प्रिय ढब्बू,

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. तुझा फोन आला की बाबा लगेच स्पीकर लावतात, आणि मला जे सांगायचंय ते त्यांच्यासमोर तोंडातून निघत नाही. घाबरू नकोस, तब्येती ठणठणीत आहेत. झोप तेवढी उडाली आहे माझी.

लहान मुलांच्या उशाशी ठेवायचा आपला चार्जिंगचा दिवा तपासणीत पास झाला, हे बाबांनी तुला दहादा ऐकवलं असेल. प्रयोगशाळेत तो तापवला, उंचावरून आपटला, तासन्‌तास चार्जिंगला ठेवला. पठ्ठ्याने हूं की चूं केलं नाही. सुरक्षिततेचं प्रमाणपत्र आलं त्या दिवशी बाबा कारखानाभर गात फिरत होते. त्यांचा आवाज तुला ठाऊकच आहे, कामगारांनी बिचाऱ्यांनी निमूट सोसलं. मीसुद्धा हसत होते रे तेव्हा.

पण ज्या बॅटऱ्यांवर दिवा पास झाला, त्या पुढे वेळेवर मिळेनात. बाबांनी दुसरीकडून आणल्या. दिसायला सारख्याच, आणि बाबा म्हणतात, आतूनही सारख्याच. पुन्हा तपासणीला पाठवायचं तर महिने जातील आणि तू राहतोस त्या देशातली ऑर्डर हातची जाईल. परवा मी पॅकिंगच्या टेबलाशी असताना चार्जिंगला लावलेल्या एका दिव्याची बॅटरी फुगली, धूर आला. बाबांनी तो वाळूच्या बादलीत टाकला आणि म्हणाले, एखादा नग खराब निघतोच. मी खूप बोलले. ते सगळं ऐकून घेतात आणि सकाळी पुन्हा पॅकिंग सुरू. मनाने वाईट नाहीत ते, तुला मी काय सांगू. कारखाना बंद पडेल या धास्तीने त्यांना दुसरं काही दिसतच नाही.

तिकडच्या नियमाप्रमाणे प्रत्येक खोक्यावर तिथेच राहणाऱ्या जबाबदार माणसाचं नाव-पत्ता छापावा लागतो. बाबांनी तुझं नाव ठरवलंय. पुढच्या महिन्यात तुला संमतीचा कागद येईल, आणि बाबांनी पाठवलाय म्हणून तू न वाचता सही ठोकशील. ती करू नकोस. तुझ्या नावाशिवाय माल इथून हलणार नाही, म्हणूनच सांगते. तुझ्या दाराशी उद्या पोलीस येतील ही भीती आहेच, पण कुणाच्या तरी लेकराच्या उशाशी त्या दिव्याने पेट घेतला तर? बाबा चिडतील, अबोला धरतील. तुला कुणी सांगितलं, असं खोदून विचारतील. माझं नाव घेऊ नकोस, असं आधी लिहिलं होतं, ते खोडलं. सरळ सांग, आईने सांगितलं.

तुझीच,
आई